कल्ला उघडून बघणारी अक्का

उजव्या हाताचा अंगठा माशाच्या कल्ल्याखाली घालायचा, झाकण उचलायचं, आत एक नजर टाकायची आणि मगच मासा तराजूत ठेवायचा. हे न करता अक्काने मासा विकलेला मी कधी पाहिला नाही. सकाळी स्वतःच्या हाताने पकडलेला मासा असला तरी ती कल्ला बघायचीच. एखादं गिऱ्हाईक म्हणालंच, "ताजाच हाय की अक्का, द्या लवकर," तर मान वर न करता म्हणायची, "आदी कल्ला, मग किलो. घाई आसंल तर बटाटे घ्या जावा."

आणि समोरच्या बटाटेवाल्याकडे हात करायची. तो तिच्यावर फार खूश असावा.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला गेलो, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेला नव्हता. प्रात्यक्षिकाला मासे हवेत म्हणून मी शनिवारच्या बाजारात गेलो. मासळीच्या ओट्यावर सगळ्यात मोठा आवाज अक्काचा होता, म्हणून तिच्यापुढे उभा राहिलो.

"बारा मासे द्या. सगळे एका मापाचे."

"लग्न हाय का?"

"नाही हो. कापायचेत."

"म्हंजी कालवणाला."

"कालवणाला नाही. विद्यार्थी कापणार आणि आत काय असतं ते बघणार."

अक्काने प्रथमच मान वर करून मला नीट न्याहाळलं. "बगून झाल्यावर खात्यात का?"

"नाही."

"मग बगत्यात कशाला?"

मी पैसे मोजून दिले आणि मासे घेऊन निघालो. पण तिच्या मनात कुतूहल राहिलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात ती प्रयोगशाळेच्या दारात उभी. मी फळ्यावर रंगीत खडूंनी माशाची आकृती काढत होतो आणि मनातून स्वतःवर बेहद्द खूश होतो. अक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मेलेला काढलाव व्हय?"

"कशावरून?"

"कल्ला मिटलाय. जित्ता मासा कल्ला मिटून बसत न्हाय मास्तर. सारका हालवतोय."

वर्ग खो खो हसला. मी प्राध्यापक आहे, मास्तर नव्हे, हे तिला सांगायचं त्या क्षणी मी सोडून दिलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत फळ्यावरचे माझे सगळे मासे कल्ला उघडा ठेवून काढले.

अक्का अंगाने किरकोळ होती आणि आवाजाने भलतीच भरदार. ओट्यावरून हाक मारली की एसटी स्टँडवर माणसं वळून बघत. नवरा अकाली गेला होता. त्याच्या मागे मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व तिच्या नावावर आलं होतं आणि ते तिने जिवापाड जपलं होतं. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलाव होता. दुष्काळी कामावर तो खोदला तेव्हा अक्काने त्यात माती वाहिली होती, आणि आता त्याच तलावात ती ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायची. सभासद असलं तरच तलावात जाळं टाकता येई आणि बाजारात सोसायटीच्या ओट्यावर बसता येई. सभासदांत ती एकटी बाई. बैठकीला गेली की दाराशी, खाली बसायची. खुर्च्या चारच होत्या आणि त्या पुरुषांनाही पुरत नसत.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

दोन वर्षं पाऊस पुन्हा धड झाला नाही. गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. तलावात मात्र अजून पाणी होतं. तेव्हा असं ठरलं, की तलावाच्या काठाशी विहीर पाडायची आणि तिचं पाणी नळाने गावाला द्यायचं. खोदकाम सुरू झालं. विहिरीला पाणी लागलं की गाव सुटलं, असं जो तो म्हणत होता. सोसायटीही खुशीत होती, कारण तलावात सोडलेले रोहू नि कटले हाताएवढे झाले होते. पहिला मोठा माल शनिवारच्या बाजारात यायचा होता.

तो शनिवार मी स्वतः पाहिला. ओट्यावर पाट्या भरून मासे आले होते आणि भोवती ही गर्दी. अक्काने पहिला रोहू उचलला, अंगठा घातला, आत बघितलं आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. तिसरा. मग उठली, शेजारच्या पाटीतला घेतला, त्याच्या पलीकडचा घेतला. सगळ्या ओळीतल्या माशांचे कल्ले उघडत ती शेवटपर्यंत गेली, परत आली आणि आपल्या पाटीवर पोतं टाकलं.

"आज मासा न्हाय."

"अगं, एवढी पाटी भरलीय की!" गर्दीतली एक बाई म्हणाली.

"हाय, पर इकायचा न्हाय. कल्ल्यात शेंबूड हाय. पाणी बिगडलंय. मासा खाऊ नका आन उद्या नळ आला तर त्याचं पाणीबी पिऊ नका."

दोन मिनिटांत ओटा रिकामा झाला. गिऱ्हाइकं बटाट्याकडे वळली. सोसायटीचे चेअरमन धावत आले. भला माणूस होता तो. मोडकळीला आलेली सोसायटी त्याने गोंजारून उभी केली होती, आणि आज भर बाजारात तिची इज्जत गेली होती. त्याच दिवशी दुपारी बैठक बसली. ठराव असा झाला: महिन्याने पुन्हा सभा भरेल. तोवर अक्काने पाणी खराब आहे हे दाखवून द्यावं, नाहीतर तिचं नाव सभासदांतून कमी करावं. एकीने केलेल्या नुकसानीपायी सगळ्यांनी का मरावं, हे त्यांचं म्हणणं मला आजही अगदीच चुकीचं वाटत नाही.

सोमवारी अक्का ओल्या फडक्यात चार मासे बांधून कॉलेजात आली. मी कल्ला उघडला. तांबडालाल असायला हवा तो फिका पडला होता आणि त्यावर पांढरट बुळबुळीत थर होता. आमच्या रसायनशास्त्राच्या कांबळे सरांना बोलावलं. कांबळे सर म्हणजे मोजून बोलणारा आणि मोजूनच हसणारा माणूस. त्यांनी तलावाचं पाणी आणून दोन दिवस तपासलं आणि म्हणाले, "पाण्यात मला काही सापडत नाही."

मी हे अक्काला सांगितलं. मला वाटलं, खचेल. ती म्हणाली, "पाण्यात कसं घावंल? पाणी आज हितं, उद्या पुडं. मासा हितंच ऱ्हातोय, रोज पितोय."

कांबळे सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई बरोबर बोलतात." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कुणाचीच ऐकली नव्हती, प्राचार्यांचीसुद्धा नाही.

तलावात गावातला नाला येऊन मिळत होता. बिघाड असलाच तर तिथून येणार. नाल्याच्या काठाने खाटीकवाडा होता, परटांचे धोंडे होते आणि पत्र्याची एक शेड होती. त्या शेडमध्ये देवीच्या प्रतिमा, निरांजनं, समया असल्या वस्तूंना आधी तांब्याचं पाणी देत आणि वरून चकाकी चढवत. हा माल तुळजापूरच्या दुकानांत जायचा. यांपैकी नेमकं कोण, हे कसं ओळखायचं? त्याची युक्तीही अक्काचीच. तिच्याकडचे लोक बाजाराच्या दिवसापर्यंत मासे जिवंत ठेवायला बांबूच्या झाकणाच्या बुट्टीत घालून पाण्यात बुडवून ठेवतात. तशाच बुट्ट्या नाल्यात जागोजागी सोडायच्या आणि कुठल्या बुट्टीतला मासा आजारी पडतो ते बघायचं. इतकं सोपं, की पदवी घेतलेल्या माणसाला सुचणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात अक्काला लेकीच्या बाळंतपणासाठी ईट गावी जावं लागलं. जाताना म्हणाली, "म्या आल्यावर सोडू बुट्ट्या." पण मला दम कुठला! आता हे काम विज्ञानाचं झालं होतं आणि विज्ञान म्हणजे मी. प्रयोगशाळेच्या हौदात मरळ जातीचे मासे होते. मरळ भारी चिवट, बादलीभर पाण्यात दोन-दोन दिवस राहतो. मी हिशेब केला, की नेण्या-आणण्यात हा दगावणार नाही. म्हणजे जो दगावेल तो नाल्याच्या पाण्यानेच दगावेल. मी चार बुट्ट्यांत मरळ घातले, नाल्यात बुडवले आणि आठव्या दिवशी चेअरमन आणि संचालकांना बघायला या म्हणून रीतसर चिठ्ठी पाठवली.

अक्का त्याच सकाळी ईटहून आली आणि तडक नाल्यावर. मी सगळ्यांच्या देखत पहिली बुट्टी वर ओढली. मरळ ठणठणीत. दुसरी ओढली, ठणठणीत. तिसरी शेडच्या मागची. झाकण उघडताच त्यातल्या मरळाने अशी उसळी मारली, की थेट चेअरमनच्या धोतरात. चेअरमन नाचले, मंडळी हसून लोटपोट झाली. धोतर झटकून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, झाली तुमची परीक्षा. सगळे मरळ पास. अक्का नापास."

अक्काने बुट्टीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मंडळी हसत हसत निघून गेली.

आम्ही दोघंच राहिलो तेव्हा ती नाल्याच्या दरडीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, मरळ दम कुटनं घेतोय?"

मरळ वर येऊन हवा गिळतो. कल्ल्याखेरीज हवेतून श्वास घ्यायची त्याला वेगळी सोय असते. पाणी कितीही घाण झालं तरी तोंड वर काढून तो वेळ निभावून नेतो. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत होतो आणि परीक्षेत हमखास विचारत होतो. त्या आठवड्यातसुद्धा शिकवलं होतं!

"अक्का, तुम्हाला बुट्टी बघताच कळलं होतं. मग सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"कशाला? तुमचीबी इज्जत हाय की. पोरं सर म्हंत्यात तुमास्नी."

सभासदत्व तिचं जाणार होतं, ओटा तिचा जाणार होता, आणि जपली तिने माझी अब्रू. माझे डोळे भरून आले. तिने ते पाहिलं आणि माझ्या अंगावर ओरडली, "आता रडत बसू नका. रोहूची पोरं आणू चला. रोहूला नाजूक जीव आसतोय, खोटं बोलत न्हाय."

चांगल्या पाण्यातली रोहूची वीतभर पिल्लं माकणीच्या बाजूला तेरणा नदीच्या डोहात मिळाली. ती आणायची कशी, तर पितळी घागरीत पाणी भरून एसटीने. कंडक्टर दारातच आडवा आला.

"अक्का, आत काय हाय?"

"मासे."

"जित्ते का मेलेले?"

"जित्ते."

"मग जितक्या माना तितकी तिकिटं लागतील."

"माशाला मान आसती व्हय? हाय का दाखवा." कंडक्टर विचारात पडला तोवर अक्का घागर घेऊन आत बसलीसुद्धा. घागरीतलं पाणी हाताने सतत खळबळत ठेवावं लागतं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. अक्काचा हात अर्ध्या वाटेत भरून आला. मी हात घातला, मग माझाही दुखायला लागला. मग पुढच्या बाकावरचे एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "आणा हिकडं." त्यांच्यानंतर लुगड्याचा पदर खोचून एक बाई, नंतर एक पोलीस हवालदार. शेवटी कंडक्टरनेही तिकिटांची पेटी काखेत मारून दोन मैल हात हलवला. गावात उतरलो तेव्हा एकही पिल्लू दगावलं नव्हतं आणि सगळी गाडी आम्हाला निरोप द्यायला खिडकीशी आली होती.

या वेळी अक्काने दोनच बुट्ट्या सोडल्या. एक शेडच्या गटाराच्या वर दहा पावलं आणि दुसरी खाली दहा पावलं. खाटीक आणि परीट दोघेही वरच्या अंगाला होते. खालचेच मासे आजारी पडले तर दोष शेडचा. मी तिला विचारलं, तुमचा संशय शेडवरच का? म्हणाली, "खाटीक आन परीट माज्या आजापासनं हायत. मासा आता बिगडलाय. नवीन कोण आलंय? ती शेड."

चार दिवस गेले, पाच गेले. दोन्ही बुट्ट्यांतली पिल्लं मजेत. सभेला तीन दिवस उरले. मी रात्रंदिवस धास्तावलेलो, आणि अक्का बाजारात बसून बायकांशी गप्पा मारत होती. त्या गप्पांतच तिला हवं ते मिळालं. शेडमध्ये झाडलोट करणारी एक बाई बोलता बोलता म्हणाली, अवसेला काम बंद असतं, त्या दिवशी पूजा करतात आणि हौद धुतात.

अमावस्या दोन दिवसांवर होती, सभेच्या आदल्या दिवशी. अक्काने मला चेअरमनकडे पिटाळलं. ते यायला तयार नव्हते. "पुन्यांदा मरळ अंगावर घालायचाय का?" म्हणाले. मी हात जोडले तेव्हा आले, पण धोतर वर खोचूनच.

सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही तिघं नाल्यात दगडांवर बसलो होतो. शेडमध्ये घंटा वाजली, आरती झाली, नारळ फुटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी बादल्या ओतू लागलं, खराटे घासल्याचा आवाज येऊ लागला. थोड्याच वेळात गटाराच्या तोंडातून हिरवट-निळं पाणी नाल्यात उतरलं. महिनाभर तांब्याचं पाणी दिलेल्या हौदांची ती धुवण होती. कांबळे सरांनी पाणी तपासलं ते भलत्या दिवशी. पुरावा तोवर वाहून गेला होता.

अर्ध्या तासात खालच्या बुट्टीतली पिल्लं वर आली. कल्ले सताड उघडून तडफडू लागली, कुशीवर कलंडू लागली. वरच्या बुट्टीतली पोहत होती तशीच पोहत होती. अक्काने खालचं एक पिल्लू काढून चेअरमनच्या तळहातावर ठेवलं. चेअरमन कितीही चेअरमन झाला तरी भोयाचा मुलगा. त्याने अंगठा घातला, कल्ला उघडला आणि आत बघितलं.

"व्हय अक्का," तो म्हणाला. आणि लगेच पुढे म्हणाला, "पर ह्यो नाला झाला. तळं लई मोठं हाय. तळ्यातल्या माशाला ह्याच्यानंच झालं, हे सभेत कोन मानंल?"

याचं उत्तर मात्र कांबळे सरांनी दिलं, आणि तेही त्यांच्या पद्धतीने, न बोलता. दुसऱ्या दिवशी सभेला ते स्टोव्ह, काचनळ्या आणि अमोनियाची बाटली घेऊन हजर झाले. तेरणेतल्या मोठ्या माशांची काळजं एका बशीत, आपल्या तलावातल्या माशांची दुसऱ्या बशीत. दोन्ही वेगवेगळी जाळून त्यांनी राख केली, राख आम्लात विरघळवली आणि गाळून दोन नळ्यांत ओतली. खोली धुराने आणि वासाने भरून गेली, सभासद नाकाला उपरणी लावून खोकत होते, पण जागचं कुणी हललं नाही. अक्का दाराशी खाली बसली होती. तिची बोटं पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. एवढ्या दिवसांत ती घाबरलेली मला पहिल्यांदाच दिसली.

"यात तांबं असलं तर रंग निळा होईल," कांबळे सर म्हणाले आणि तेरणेच्या नळीत अमोनियाचे थेंब टाकले. खाली थोडा तपकिरी गाळ बसला, वरचं पाणी होतं तसंच स्वच्छ राहिलं. मग आपल्या तलावाच्या नळीत टाकले. गाळ खाली बसला आणि वरचं पाणी निळं झालं, शाईसारखं गडद निळं. नळी हातोहात सगळ्या खोलीत फिरली.

एक म्हातारा सभासद म्हणाला, "तांब्याच्या घागरीतलं पाणी तर आपुन पितोच की. तांबं कुटं वाईट आसतंय?"

कांबळे सर काही सांगायला गेले, पण अक्का आधीच उभी राहिली होती. तिच्या आवाजाला सगळी धार परत आली होती. "घागरीचं तांबं घागरीला ऱ्हातंय आबा! हे काळजात जाऊन बसलंय. आज माशाच्या बसलंय, उद्या नळ आला की तुमच्या नातवंडांच्या बसंल!"

चेअरमन उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी दाराशी नेली, अक्काच्या मागे ठेवली आणि म्हणाले, "बसा अक्का." ती नको नको म्हणत होती. "बसा. ठराव तुमी बसल्यावरच मांडतो." नाव कमी करण्याचा ठराव त्यांनी स्वतःच फाडला. नवा ठराव केला, की अक्काने बघितल्याशिवाय सोसायटीचा मासा बाजारात जाणार नाही. सगळे हात वर गेले. माझाही गेला, मी सभासद नव्हतो तरी. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर सोसायटी जी उठली म्हणता! चेअरमन पुढे, हातात ती निळी नळी. मागे चाळीस सभासद बुट्ट्या घेऊन. तहसील कचेरीत साहेबांच्या टेबलावर दोन बुट्ट्या ठेवल्या, एकीत जिवंत पिल्लं, दुसरीत मेलेली. साहेबांनी लिहायला कागद ओढला तो तिथल्या तिथे. शेडच्या मालकाला हौदाची धुवण नाल्यात सोडायची बंदी झाली, पक्की टाकी बांधावी लागली. त्याच्या कानावर हे पहिल्यांदाच आलं होतं म्हणे. ओशाळला बिचारा. तलावातला खराब मासा सोसायटीने काढून पुरला, नाल्याचं तोंड बांध घालून तलावाच्या खाली वळवलं. ते खोदायला सगळं गाव आलं. पुढच्या वर्षी पाऊस असा झाला, की तलाव भरून सांडव्यावरून वाहिला. तरी अक्काने नळ सुरू होऊ दिला नाही. तीन अवसा तलावात रोहूची बुट्टी ठेवली, तीनदा कल्ले उघडले आणि मगच होकार दिला. आणि गावही तोवर थांबलं, हे विशेष.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी कांबळे सरांचं कार्ड आलं, मोजकं, दोन ओळींचं. अक्का गेली. बाजार त्या शनिवारी बंद होता. मी ते कार्ड घेऊन वर्गात गेलो आणि त्या दिवशी शिकवू शकलो नाही.

अक्काबद्दल कुणी विचारलं की मी नळ सुरू झाला तो दिवस सांगतो. चौकात मांडव, साहेब आलेले, हार-तुरे झालेले. साहेबांनी नारळ फोडून तोटी फिरवली, पाणी धो धो सुटलं. समोर घागरी-हंडे घेऊन दीड-दोनशे बायकांची रांग. पण रांग हलेना. पाणी वाहून चाललं, साहेब म्हणाले, "अहो, भरा की!" पहिली बाई म्हणाली, "अक्का येऊ द्या." याच बायका एरवी मासळीच्या ओट्यावरून जाताना नाकाला पदर लावत. साहेबांनी तोटी बंद केली आणि तेही थांबले. माणूस पाठवला. अक्का तलावावरून तशीच आली, ओलं लुगडं, हाताला खवले चिकटलेले. तिला पाहून रांग दोन्ही बाजूंना झाली. "हात धुते आदी," ती म्हणाली. "धुऊ नका, प्या," बायका म्हणाल्या. तोटी उघडली. अक्काने ओंजळ धरली, एक ओंजळ प्यायली, दुसरी प्यायली, तिसरीही प्यायली. मग तोंड पुसलं, रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातातली घागर घेतली आणि आपल्या हाताने नळाखाली ठेवली.